कॅमेरा कॅमेरामन चालवतो, अभिनय नट करतात; मग दिग्दर्शक करतो तरी काय? बेळगावात राहून ते शिकता येईल का?

मी खानापूर भागात लघुपट करतो, तेवढ्या अनुभवावर सांगतो.

समजा, सोप्यात आई तांदूळ निवडत बसलीय. मुलगा सांगतो, पुण्याला नोकरी लागली. आई म्हणते, "बरं झालं." कागदावर एवढंच. आता कॅमेरा कुठे ठेवायचा? मुलाच्या पाठीमागून आईचा चेहरा धरला तर गोष्ट आईची होते. नुसते तिचे हात धरले, तर ते अचानक भराभर चालायला लागलेले दिसतात आणि चेहऱ्याची गरजच उरत नाही. अंगणातून लांबून घेतलं तर दाराच्या चौकटीत दोघं एवढीशी दिसतात आणि घरच मोठं वाटतं. यातलं कुठलं हे दिग्दर्शक ठरवतो.

नटीला मी "दुःखी हो" म्हणत नाही, काम देतो: मान वर करू नका, निवडणं थांबवू नका. एकदा अशाच सीनमध्ये, कोणी न सांगता, बाईंनी निवडलेले तांदूळ परत न निवडलेल्यांत मिसळले. त्या क्षणी "कट" न म्हणता गप्प बसणं हेही आमचंच काम. मला या धंद्याची ओढ आहे ती अशा टेकसाठी.

भाषेचंही तसंच. आपल्याकडे बाजारात माणूस बोलता बोलता मराठीतून कन्नडात शिरतो. ते लिहून देऊन बोलायला लावलं की खोटं वाटतं, म्हणून तिथे नटाला मोकळं सोडतो.

बाकी बरीच हमाली आहे. जांबोटीकडे पावसाळ्यात ऊन केव्हा जाईल सांगता येत नाही, म्हणून लांबचे शॉट आधी उरकायचे. क्लोजअपला थर्माकोल धरून उजेड सांभाळता येतो. बोलणाऱ्या दोघांमध्ये मनात रेघ ओढायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. नाहीतर दोघं समोरासमोर नाही, एकाच दिशेला बघतायत असं वाटतं.

शिकायचं म्हणाल, तर पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० ची. त्याच्या कितीतरी आधी, शेजारच्या कोल्हापुरात चित्रकार असलेल्या बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवून घेतला होता. त्यांच्याच कंपनीत शांताराम, दामले, फत्तेलाल तयार झाले आणि १९२९ मध्ये त्यांनी तिथेच 'प्रभात' काढली. म्हणजे जागेचं कारण सांगू नका. आपल्या शिवजयंतीच्या चित्ररथावर एखादा जिवंत देखावा बसवायला घ्या. हौशी पोरं, उसने पोशाख, ट्रॉलीवरची अडचण, सगळं हाताळावं लागतं. तिथे लोक रस्त्याच्या कुठल्याही बाजूने बघतात, एवढाच फरक.

मग मोबाईलवर दोन माणसांचा एक सीन घ्या आणि एडिटिंग स्वतः करा. दुसऱ्याकडे दिलंत, तर कुठला शॉट घ्यायचा राहिला ते तोच कसंतरी झाकून देईल आणि तुम्हाला कळणारही नाही.