कोडिंगसाठी लॅपटॉप: १ टीबी हार्ड डिस्क की २५६ जीबी एसएसडी?

तुमची मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोडिंगसाठी लॅपटॉप हवाय, आणि एकाच किमतीत एकात १ टीबी हार्ड डिस्क तर दुसऱ्यात २५६ जीबी एसएसडी, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क, मिळतेय. दुसरा घ्या. जागा पुरणार नाही ही तुमची काळजी रास्त आहे, तिच्याकडे येतोच.

कोडिंगमध्ये मोठ्या फाइली कमी, बारीकसारीक फाइली मात्र हजारोंनी. रिअ‍ॅक्टचा (वेबसाइट बनवायचं एक साधन) साधा प्रोजेक्ट उघडून नोड मॉड्यूल्सचं, म्हणजे त्याला लागणाऱ्या तयार कोडचं, फोल्डर बघा, म्हणजे कळेल. आता लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० वेळा फिरते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. तबकडी वाचणारं हेड योग्य जागी सरकणार, मग हवा तो भाग खाली येईपर्यंत थांबणार. एका फाइलीमागे १५ मिलिसेकंद सहज जातात. २०,००० फाइली विखुरलेल्या असतील तर नुसत्या शोधाशोधीत पाच मिनिटं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिथे एका फाइलीला ०.१ मिलिसेकंद धरला तरी हेच काम दोन सेकंदांत होतं. एकदा वाचलेल्या फाइली रॅममध्ये राहतात, त्यामुळे दुसऱ्या वेळी हार्ड डिस्कही बरी वाटते, पण लॅपटॉप बंद करून चालू केला की पुन्हा तेच.

माझ्या जुन्या लॅपटॉपला अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर) झेपेना म्हणून मी तो विकायलाच काढला होता. एका मित्राच्या सांगण्यावरून फक्त डिस्क बदलली, साधी साटा एसएसडी टाकली. प्रोसेसर तोच, ८ जीबी रॅम तीच. पुढची तीन वर्षं त्याच लॅपटॉपवर काम केलं.

एसएसडी जोडायच्या दोन पद्धती असतात, जुनी साटा आणि नवी, जास्त वेगवान एनव्हीएमई. साटा की एनव्हीएमई यावर फार डोकं खपवू नका. साटा सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास वाचते, एनव्हीएमई ३००० च्या पुढे जाते. पण कंपाइल करताना, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनवताना, बहुतेक वेळ प्रोसेसरच खातो. खरा सावधपणा वेगळ्याच ठिकाणी हवा. स्वस्त लॅपटॉपवर नुसतं 'फ्लॅश स्टोरेज' लिहिलेलं असेल तर ती ईएमएमसी (स्वस्त प्रकारची साठवण चिप) आहे का, हे विचारा. ती मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, एसएसडीपेक्षा बरीच मंद, आणि नंतर बदलता येत नाही. तो लॅपटॉप घेऊ नका.

एसएसडी झिजते हे खरं, पण २५० जीबीच्या चांगल्या एसएसडीला साधारण १५० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज २० जीबी लिहिलं तरी वीस वर्षं लागतील. उलट मुलगी रोज बॅग पाठीला लावून लोकलने किंवा एसटीने जाणार असेल, तर चालू हार्ड डिस्कला बसणारा धक्का जास्त घातक.

एक उणीव मात्र आहे. एसएसडी जाते तेव्हा पुष्कळदा काही सुगावा न देता जाते, आणि पुसलेलं परत मिळवणंही अवघड असतं. म्हणून १ टीबीची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क वेगळी घ्या. बॅकअप, सिनेमे, जुने प्रोजेक्ट तिच्यावर. चालू कोड रोज गिटवर पुश, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात पाठवायचा. मग २५६ जीबी पुरतात, फक्त चाळीसेक जीबी कायम मोकळे ठेवायला सांगा. अँड्रॉइडचे एमुलेटर (लॅपटॉपवर चालणारा आभासी फोन) किंवा डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवायचं साधन) वापरणार असेल तर ५१२ जीबीच बघा.

दुकानात आणखी दोन गोष्टी विचारा: एम.२ चा (छोटी एसएसडी बसवायचा) जादा स्लॉट आहे का, आणि रॅम वाढवता येते का. ८ जीबी रॅम कायमची सोल्डर केलेली असेल, तर मला मॉडेलचं नाव कळवा, पैसे भरण्याआधी बघून सांगतो.