‘पोरीला परत घेऊन येऊ का?’

पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू झाले की दिवाळीपर्यंत हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे हमखास येतो. मूल हॉस्टेलवर किंवा खोली करून राहायला गेलेलं असतं, रोज फोनवर रडतं आणि इकडे आईबाबांच्या घशाखाली घास उतरत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ अशा सगळीकडून मुलं नागपुरात शिकायला येतात. त्यामुळे असं घर मला शोधावं लागत नाही.

वरोऱ्याकडचं एक जोडपं असंच आलं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. “रोज रडून राहिली मॅडम. करमत नाही म्हणते. घेऊन जातो आम्ही तिले, तिकडंच बीएस्सी करंल,” बाबा म्हणाले. आई दर रविवारी पहाटेची एसटी धरून यायची. सोबत चिवडा, लोणचं, भाकऱ्या, धुतलेल्या चादरी. बाबांचे दिवसातून चार-पाच फोन. जेवली का? अटेंडन्स किती झाली? परीक्षा कधी?

मुलीशी मी एकटीशी बोलले. दोघं बाहेर बसले होते. नंतर आईनं विचारलं, “काय म्हणाली?” मी सांगितलं, तिच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर लगेच सांगेन; बाकीचं तिनं सांगायचं. ती 18 पूर्ण झाली आहे. बाबांना ते आवडलं नाही. फी भरणाऱ्या माणसाला असं उत्तर आवडणं कठीणच आहे, पण इथं मी मागे हटत नाही. जे बोलू ते घरी पोचणार असं वाटलं तर मूल माझ्यासमोरही ‘करमत नाही’च्या पलीकडे जात नाही.

ती त्यापलीकडे गेली. तिच्या फोनमध्ये एम-वनच्या (पहिल्या सेमिस्टरचं गणित) सेशनलच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेच्या, गुणांचा फोटो होता: 30 पैकी 6. घरी पाठवायचा म्हणून काढला होता, पाठवला नव्हता. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावी-बारावीला पुस्तक इंग्रजी असलं तरी सर मराठीत समजावून सांगायचे. इथं सगळं लेक्चर इंग्रजीतून, तेही भराभर, आणि उठून शंका विचारायची लाज. त्यात बाबांनी फीसाठी कर्ज काढलेलं. घरी कुणाचं मन न मोडता सांगता येईल असं एकच दुःख तिच्याकडे होतं, ते म्हणजे घरची आठवण. आठवण खोटी नव्हती, पण तिच्या आडून दुसरं काही रडत होतं. आईबाबा मात्र आठवणीवरच इलाज करत होते. डब्यामागून डबा येत गेला तसं ते 6 गुण सांगणं तिला आणखी जड होत गेलं.

सुरुवातीचे काही आठवडे घरची ओढ लागणं अगदी स्वाभाविक आहे, आणि दोन-चार ओळखी झाल्या की बहुतेकांची ती हळूहळू निवळते. त्यापेक्षा मला काळजी वाटते ती वाईट बातमी घरी सांगता न येणाऱ्या मुलांची. म्हणून मी जास्त वेळ बाबांबरोबर घालवला. मुलगी काही नकोसं सांगेल, त्यानंतरच्या पहिल्या मिनिटात तुम्ही काय करणार? “म्हणजे चूप राहू?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘आता पुढं काय करायचं ठरवलंस?’ एवढं विचारा आणि थांबा.

सगळे एकत्र बसलो तेव्हा तिनं फोटो पुढे केला. बाबांनी “एवढे पैसे...” म्हणून सुरुवात केली आणि मधेच थांबले. पाणी प्यायले. मग म्हणाले, “विषय राहिला तर साल जाते का?” तिनं त्यांना एटीकेटी (विषय राहिला तरी पुढच्या वर्गात जाण्याची सोय) म्हणजे काय, ते समजावलं. आम्हा तिघांपेक्षा तिला नियम जास्त ठाऊक होते. आई पहिल्यांदाच काही न बोलता लेकीकडे बघत बसली.

बाबांना लगेच विभागप्रमुखांना फोन करायचा होता. मी थांबवलं. जिथं मूल स्वतः चालत जाऊ शकतं तिथं पालकांनी आधी पोचू नये. ती मेंटॉर सरांकडे स्वतः गेली, आणि मराठी माध्यमातूनच आलेल्या एका सीनियर मुलीसोबत संध्याकाळी गणितं सोडवायला बसू लागली. फोन तिनं करायचा असं ठरलं. पैसे महिन्याच्या सुरुवातीला एकदम मिळणार, चहा-नाश्त्याचा हिशेब कुणी विचारणार नाही. कमी पडले तर मात्र तिनं न लाजता सांगायचं. परत येण्याचं काय? तो रस्ता मी मुद्दाम बंद करू दिला नाही. सेमिस्टरचा निकाल लागल्यावर तिला विचारून ठरवू, असं बाबांनीच तिला सांगितलं. ‘एवढी फी भरली, आता मागे फिरायचं नाही’ हे वाक्य मी घराघरांत ऐकते आणि मला त्याची भीती वाटते. परत येणं म्हणजे नाक कापलं जाणं नव्हे, हे कळल्यावर बरीच मुलं निवांत टिकतात.

ती टिकली. एम-वन राहिलाच. निकालाच्या दिवशी मैत्रिणींच्या आधी तिनं बाबांना फोन केला.

पण प्रत्येक रडणं असं वाट पाहण्याजोगं नसतं. मूल रात्र-रात्र झोपत नाही, जेवण सुटलंय, खोलीबाहेर पडत नाही, किंवा ‘मी नसले तरी काय फरक पडतो’ असं बोलतंय, तर रविवारची वाट पाहू नका. त्याच दिवशी निघा. पोचेपर्यंत रूममेटला किंवा वॉर्डनला मुलासोबत थांबायला सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर चोवीस तास फुकट बोलता येतं, पालकांनाही. रॅगिंगची शंका असेल तर 1800-180-5522 ही यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) हेल्पलाइन आहे. प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी हमीपत्रावर तुम्हीही सही केलेली असते. कॉलेजकडे तक्रार करताना बिचकू नका. अशा वेळी मूल स्वतः चालत जाईल म्हणून थांबायचं नसतं, तुम्हीच जायचं.