डबल बी, पावटा आणि बिरडं

मुलुंडच्या एका ताईंनी खिडकीच्या ग्रिलवर लिमा बीन्सचा वेल चढवला आहे. पहिल्या शेंगा हाती आल्यावर त्यांनी विचारलंय : याला मराठीत पावटा म्हणू का? आणि ओल्या दाण्यांचं बिरडं केलं, तर ते नाव चालेल का?

पावटा म्हणू नका, ताई. वाल आणि पावटा एकमेकांचे भाऊबंद, लिमा निराळी. दोन्ही दाणे तळहातावर घेऊन बघा. पावट्याच्या कडेला ठसठशीत पांढरी शीर असते, बोटालाही लागते. लिमाचा दाणा रुंद, चपटा, अर्धचंद्राच्या वळणाचा. शास्त्रीय नावातलं ‘लुनाटस’ त्या चंद्रावरूनच आलं. ‘लिमा’ म्हणजे पेरू देशाची राजधानी.

आपल्याकडे हिचं नाव रुळलेलं आहे : डबल बी. दादरच्या बाजारात भाजीवाल्या मावशींना ‘लिमा’ कळेलच असं नाही, ‘डबल बी’ म्हणा. इंग्रजी ‘डबल बीन’मधला शेवटचा न गळाला आणि उरलं ते थेट आपलं ‘बी’! मला या शब्दाचं फार कौतुक वाटतं. तो मराठीत आला तो स्त्रीलिंगी होऊनच : ‘ओली डबल बी आली का?’ एरवी बीचं अनेकवचन बिया, पण ‘डबल बियांची उसळ’ कानाला खटकते. ‘डबल बीची उसळ’ हेच बरोबर, जशी मटारची.

आता बिरडं. हा शब्द संस्कृत ‘विरूढ’वरून आला, म्हणजे अंकुरलेलं. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा, तेव्हा कुठे बिरडं होतं. तुमचे दाणे शेंगेतून थेट पातेल्यात गेले. मोड नाहीत, तर बिरडं कसलं? उसळ म्हणा. उसळीलाही मोड हवेत असं कुणी म्हणेल, पण ओल्या काजूंची उसळ आपण म्हणतोच ना?

एक मात्र सांभाळा : दाणे कच्चे तोंडात टाकू नका. त्यांत लिनामरिन असतं, त्यातून सायनाइड सुटतं. खायच्या वाणांत ते कमी असलं तरी भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता, दाणा बोटांत सहज चेपेपर्यंत उकडा आणि ते पाणी ओतून द्या. मग हिंग-मोहरीची फोडणी, आमसूल, गुळाचा खडा आणि वरून ओलं खोबरं.