दोन किलो वाढले, पण कशाचे?

मागच्या अंकात स्टिरॉइडवर लिहिलं होतं, त्यानंतर जे मेल आले त्यातले बरेचसे फिरून फिरून एकच विचारत होते, की डॉक्टर, स्टिरॉइड वाईट हे कळलं, पण ग्रोथ हॉर्मोन तर चालतं ना, ते तर शरीरातच बनतं. म्हणून हा अंक सगळा त्याच्यावरच. नावं कुणाचीच देत नाहीये.

प्रश्न: मी 23 वर्षांचा आहे, पॉवरलिफ्टिंग करतो. जिममधल्या एका सिनियरने दोन महिन्यांपूर्वी ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं सुरू केली, त्याचं वजन तीनेक किलो वाढलंय आणि पोटावरची चरबी मात्र कमी झालीये. म्हणजे फॅट गेलं आणि मसल आलं असंच ना? तो म्हणतो हे नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही. पण त्याची डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून उचलायचं वजन, आहे तिथेच आहे, असं का?

उत्तर: डेडलिफ्टकडे लक्ष दिलंस हे फार बरं केलंस, बाकी सगळे आरशात बघतात आणि तिथेच फसतात.

हे बघ, ग्रोथ हॉर्मोन म्हणजे 191 अमिनो ॲसिडची साखळी असलेलं प्रोटीन, मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते ती ते सोडते, तेही सारखं नाही तर झटक्याझटक्याने, आणि सगळ्यात मोठा झटका रात्री गाढ झोप लागली की येतो. ते लिव्हरला सांगतं आयजीएफ-1 (पेशी वाढवणारं दुसरं हॉर्मोन) बनव, चरबीच्या पेशींना सांगतं साठा मोकळा कर, आणि किडनीला सांगतं मीठ धरून ठेव. आता मीठ थांबलं की पाणीही थांबतं. तर चरबी खरंच कमी होते, ते खोटं नाही, पण वजनकाट्यावर जे वाढलेलं दिसतं ना त्यातला मोठा भाग हा पाण्याचा असतो. बॉडी कॉम्पोझिशनच्या रिपोर्टमध्ये "लीन मास" लिहिलेलं असतं ते वाचून पोरं खूश होतात, पण लीन मास म्हणजे फक्त स्नायू नव्हे, चरबी सोडून जे काही आहे ते सगळं, त्यात पाणीपण आलं.

हे माझं मत नाहीये. निरोगी खेळाडूंवर झालेल्या अभ्यासांचा 2008 मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात लीन मास सरासरी 2.1 किलोने वाढलेलं दिसलं पण ताकद काही वाढली नाही, उलट अंगावर सूज आणि थकवा जास्त. मग 2010 मध्ये सिडनीच्या संशोधकांनी हौशी खेळाडूंना आठ आठवडे हॉर्मोन देऊन बघितलं. ताकद तीच, उडी तीच, दमसासही तोच. प्रामाणिकपणे सांगायचं तर एक गोष्ट वाढली, सायकलवरच्या छोट्या स्प्रिंटची क्षमता, चारेक टक्क्यांनी, आणि पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन जोडीला दिलं तेव्हा आठेक टक्क्यांनी. औषध बंद केल्यावर सहा आठवड्यांनी तोही फायदा गेला होता. शंभर मीटर पळणाऱ्याला चार टक्के म्हणजे खूप झाले हे मलाही कळतं, म्हणून तर लोक घेतात. पण तू बार उचलतोस, तुझ्या खात्यात त्यातलं काहीच जमा होत नाही.

आणि "नॅचरल" बद्दल. इन्सुलिनही नॅचरलच आहे रे, निरोगी माणसाने जास्तीचं टोचून घेतलं तर शुगर कोसळून बेशुद्ध पडतो. हा टोमणा नाही, खरंच होतं असं, कारण ग्रोथ हॉर्मोन इन्सुलिनच्या विरुद्ध काम करतं, शुगर वर ढकलतं, मग ती खाली आणायला आणि "पंप" (स्नायू टरारून फुगलेले दिसणं) मिळवायला काही बॉडीबिल्डर वरून इन्सुलिन टोचतात, आणि रात्री झोपेत शुगर उतरली तर कळायलाही कुणी जागं नसतं. सिनियरला एवढं तरी विचार, बाबा उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) शेवटचं कधी केलंस.

प्रश्न: माझा मुलगा 15 वर्षांचा आहे, बास्केटबॉल खेळतो, उंची वर्गात मधलीच. कोच म्हणाले आत्ताच ग्रोथ हॉर्मोन दिलं तर चार-पाच इंच सहज वाढेल, मेस्सीने पण घेतलं होतं. खरं आहे का? द्यावं का?

उत्तर: ताई, मेस्सीने घेतलं होतं हे खरं आहे, पण गोष्ट अर्धी सांगितली तुम्हाला. त्याच्या शरीरात ते हॉर्मोन बनतच पुरेसं नव्हतं, तपासणी करून तसं निदान झालं होतं, म्हणजे कमी होतं ते भरून काढलं. उपचार महाग होता आणि पुढे तो खर्च बार्सिलोना क्लबने उचलला, तेव्हा तो 13 वर्षांचा होता. तुमच्या मुलाची उंची मधली आहे म्हणता, म्हणजे त्याची पिट्युटरी आपलं काम करतेय.

उंची वाढते ती हाडांच्या टोकाशी असलेल्या कूर्चेच्या पट्टीतून, ग्रोथ प्लेट म्हणतात तिला. ती बंद झाली की कितीही इंजेक्शनं द्या, एक सेंटिमीटरही उंची वाढत नाही, वाढतो तो जबडा, हातपाय रुंद होतात. प्लेट उघडी आहे का हे डाव्या मनगटाच्या एक्सरेवरून कळतं. आणि उघडी असली तरी, हॉर्मोनची कमतरता नसलेल्या पण फारच बुटक्या मुलांना वर्षानुवर्षं रोज इंजेक्शन दिल्यावर सरासरी मिळतात 4 ते 6 सेंटिमीटर. चार-पाच इंच कुठून आणले कोचसाहेबांनी ते त्यांनाच माहीत.

मुलांमध्ये धोकेही वेगळेच असतात. मांडीच्या हाडाचा गोळा प्लेटवरून सरकू शकतो, तेव्हा मूल लंगडायला लागतं आणि बरेचदा दुखतं म्हणतं ते गुडघा, म्हणून सगळे गुडघाच तपासत बसतात. डोक्यातला दाब वाढून डोकेदुखी आणि धूसर दिसणं होऊ शकतं. कण्याला बाक असेल तर तो वाढू शकतो. उंचीची खरंच काळजी असेल तर मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरकडे जा, ते आधी मागच्या काही वर्षांच्या उंचीच्या नोंदी मागतील, नुसत्या एका रक्ततपासणीवर कुणी "हॉर्मोन कमी आहे" म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका, कारण मघाशी म्हटलं तसं ते झटक्याझटक्याने सुटतं, दिवसा कधीही रक्त घेतलं तर निरोगी मुलातही जवळपास शून्य येऊ शकतं. त्यासाठी वेगळी स्टिम्युलेशन टेस्ट असते, औषध देऊन पिट्युटरीला हॉर्मोन सोडायला लावतात आणि मग मोजतात. आणि उपचार खरोखर लागलाच तर स्पर्धा खेळणाऱ्या मुलाला टीयूई, म्हणजे औषध वापरायची अधिकृत परवानगी, घ्यावी लागते.

कोच बदला असं मी सांगणार नाही. पण विचार करा.

प्रश्न: शरीरातच बनणारं हॉर्मोन टेस्टमध्ये पकडणार कसं? सगळे म्हणतात ग्रोथ हॉर्मोन सापडत नाही.

उत्तर: एकेकाळी खरंच सापडत नव्हतं. 1988 च्या सोल ऑलिम्पिकमध्ये कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सन पकडला गेला तो स्टॅनोझोलॉल या स्टिरॉइडमुळे, ग्रोथ हॉर्मोनची गोष्ट बाहेर आली ती नंतर कॅनडात चौकशी बसली तेव्हाच्या साक्षींमधून. ऑलिम्पिक समितीने 1989 मध्ये बंदी घातली पण टेस्ट कुठे होती, ती आली 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकला. मधली पंधरा वर्षं पकडायचं तर सामानच पकडावं लागायचं, 1998 च्या जानेवारीत युआन युआन ही चिनी जलतरणपटू सिडनी विमानतळावर ग्रोथ हॉर्मोनच्या 13 वायल (छोट्या बाटल्या) घेऊन सापडली ती तशीच.

आता युक्ती बघा काय आहे, मला ती फार आवडते. आपली पिट्युटरी एकाच मापाचं हॉर्मोन सोडत नाही, थोडी वेगवेगळ्या आकाराची रूपं एकत्र सोडते. बाटलीतलं मात्र सगळं एकाच मापाचं. बाहेरून टोचलं की पिट्युटरी म्हणते चला भरपूर आहे, आणि आपलं बंद करते, मग रक्तात ती मिसळण राहत नाही, एकच रूप भरून जातं. ते प्रमाण मोजलं की झालं. यासाठी लघवी चालत नाही, रक्तच लागतं, आणि खिडकी छोटी, इंजेक्शननंतर जेमतेम एखादा दिवस. म्हणून स्पर्धेबाहेर अचानक येऊन रक्त घेतात. या टेस्टमध्ये पहिला सापडला तो ब्रिटिश रग्बी लीगचा टेरी न्यूटन, 2010 मध्ये, दोन वर्षांची बंदी. दुसरी टेस्ट हॉर्मोन बघतच नाही, त्याच्या मागे राहिलेल्या खुणा बघते, आयजीएफ-1 आणि कोलॅजन बनताना सुटणारा एक तुकडा, या खुणा जास्त दिवस टिकतात. 2012 च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये दोन रशियन पॉवरलिफ्टर तिच्यात सापडले. आणि 2023 पासून हेच आकडे खेळाडूच्या बायोलॉजिकल पासपोर्टमध्ये, म्हणजे त्याच्या तपासण्यांच्या कायमच्या नोंदवहीत, वर्षानुवर्षं नोंदवले जातात, म्हणजे तुलना तुमची तुमच्याशीच. सॅम्पल दहा वर्षांपर्यंत राखून पुन्हा तपासता येतात हेही लक्षात असू द्या.

प्रश्न: इंजेक्शनची भीती वाटते. गोळ्या किंवा जिभेखालचा स्प्रे चालेल का?

उत्तर: ते प्रोटीन आहे, पोटात गेलं की पचून जातं, त्यामुळे "ग्रोथ हॉर्मोनची गोळी" किंवा स्प्रे म्हणजे निव्वळ थापा. एमके-677 किंवा इबुटामोरेन नावाने जी गोळी फिरते ती वेगळी, ती पिट्युटरीलाच ढोसते की सोड जास्त. भूक भडकते, पाय सुजतात, शुगर वाढते. कंबरेचं हाड मोडलेल्या वृद्धांवर तिची ट्रायल चालू होती ती हार्ट फेल्युअरच्या शंकेने मधेच थांबवली. औषध म्हणून मान्यता नाही, आणि खेळाडूंना ती कायमच वर्ज्य, स्पर्धा चालू असो वा नसो.

प्रश्न: वय 29, दीड वर्षं घेतलं, कधी बंद कधी चालू. आता अंगठी जात नाही, बूट एक नंबरने वाढले, रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. बायको म्हणते घोरणं भयंकर वाढलंय. बंद केलं तर सगळं पूर्ववत होईल का?

उत्तर: सगळं नाही. पण बरंचसं होईल, म्हणून आजच बंद कर, पुढच्या महिन्यापासून नको.

मुंग्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात येतात का आणि करंगळी सुटते का बघ. तसं असेल तर मनगटातल्या बोगद्यात पाणी साठून नस दाबली जातेय, कार्पल टनेल म्हणतात, ती सूज उतरली की बहुतेकदा सुटते. बोटांचा जाडेपणा, सांधेदुखी यातला पाण्याचा भाग काही आठवड्यांत ओसरतो. घोरण्याचं कारण जीभ आणि घशातला मऊ भाग वाढलेला असणं, त्यात झोपेत श्वास अडकत असेल तर स्लीप स्टडी करून घे, बायकोला विचार मधे श्वास थांबतो का, तुला स्वतःला नाही कळणार. बुटाचं मात्र सांगता येत नाही, मऊ भाग सुजला असेल तर उतरेल, हाड रुंद झालं असेल तर ते झालं, जबडा आणि कपाळाचंही तसंच, हाड परत आत जात नाही.

पिट्युटरीच्या गाठीमुळे हेच हॉर्मोन जास्त सुटतं त्या आजाराला ॲक्रोमेगॅली म्हणतात, त्यात हृदयाच्या भिंती जाड आणि कडक होतात, बीपी, डायबेटिस, आतड्यात पॉलिप. तुझं तिथवर गेलंय असं मी म्हणत नाहीये, पण इको (हृदयाची सोनोग्राफी), बीपी, शुगर, आयजीएफ-1 एवढं करून घे. आणि डॉक्टरला सोबत काय काय घेतलंस ते सगळं सांग, स्टिरॉइडसकट, कारण एकटं ग्रोथ हॉर्मोन घेणारा मला तरी क्वचितच भेटलाय आणि हृदयावरचा मार कशाचा किती हे नंतर वेगळं काढता येत नाही. बाटलीत काय होतं तेही गृहीत धरू नकोस, ग्रोथ हॉर्मोनचं लेबल लावून गर्भारपणातलं एचसीजी हॉर्मोन विकल्याचे प्रकार झालेत, पुरुष खेळाडूच्या लघवीत ते निघालं तर त्याचीही वेगळी केस होते. तू मात्र खरंच मिळवलं होतंस असं अंगठीवरून दिसतंय.

जाताना लग्नाआधीचा एखादा फोटो घेऊन जा, समोरून काढलेला. चेहरा इतका हळूहळू बदलतो की घरच्यांनाही दिसत नाही, आम्ही जुना फोटो शेजारी धरून नाक, कपाळ, जबडा बघतो.