वाचकांचे प्रश्न : आग्नेय आशियातील अद्भुतकथा

प्रश्न : मराठी भयकथांवर वाढलेला मी वाचक आहे. इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपाइन्स येथील लेखकांच्या गूढ आणि अद्भुत कथा आपल्या हडळी-मुंज्यांच्या कथांपेक्षा वेगळ्या असतात का? सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : भुते फारशी वेगळी नाहीत. मलय लोकांची पोंतियानाक ही बाळंतपणात मेलेली बाई. आपल्या अळवंतीणीची ती सख्खी बहीणच म्हणायची. फरक आहे तो लेखक भुताला कोणत्या कामाला जुंपतो यात. मलेशियाच्या झेन चो यांच्या ‘द हाउस ऑफ आंट्स’ या कथेतील शाळकरी मुलगी स्वतःच पोंतियानाक आहे आणि घरातल्या, तिच्यासारख्याच मेलेल्या आज्या-मावश्यांना काळजी लागली आहे ती तिच्या जेवणाची आणि अभ्यासाची.

सुरुवात मात्र इंडोनेशियाच्या एका कुर्नियावान (‘एका’ हे त्यांचे नावच आहे) यांच्या २००२ सालच्या कादंबरीपासून करावी, असे मी सुचवेन. ‘ब्यूटी इज अ वूंड’ हा तिचा इंग्रजी अनुवाद २०१५ साली निघाला. पहिल्याच वाक्यात, मार्चमधल्या एका दुपारी, देवी आयू ही एकवीस वर्षांपूर्वी मेलेली वेश्या थडग्यातून उठते. चाफ्याखाली झोपलेल्या गुराख्या पोराची चड्डी ओली होते आणि मेंढ्या उधळतात. प्रसंग विनोदी वाटतो, पण जपानी सैन्याने तिला या धंद्यात लोटले होते हे पुढे कळते आणि डच अंमलापासून १९६५ नंतरच्या कम्युनिस्टांच्या कत्तलीपर्यंतचा काळ कादंबरीतल्या कल्पित गावातून सरकत जातो, तेव्हा मेलेली माणसे इथे स्वस्थ का पडून राहत नाहीत, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. लैंगिक हिंसेची वर्णने पुष्कळ आणि जड आहेत. तेवढी तयारी ठेवावी.

लांब कादंबरी नको असेल, तर कथासंग्रह आहेत. फिलिपाइन्समध्ये डीन फ्रान्सिस अल्फार यांनी २००५ साली ‘फिलिपाइन स्पेक्युलेटिव्ह फिक्शन’ ही संग्रहमालिका सुरू केली. सिंगापूरहून २०१३ ते २०१८ या काळात जेसन एरिक लुंडबर्ग यांच्या संपादनाखाली ‘लोंतार’ या नियतकालिकाचे दहा अंक निघाले आणि त्यांत भूतकथा, विज्ञानकथा व कविता एकाच पंगतीला बसल्या. लोंतार म्हणजे जावा-बालीकडची ताडपत्रावरील पोथी. ‘रोन’ म्हणजे पान आणि ‘ताल’ म्हणजे आपलाच ताड; या ‘रोनताल’चा उच्चार उलटापालट होऊन तो शब्द झाला आहे.