प्रश्न तुमचे : वहीत नदी चढ चढते तेव्हा

प्रश्न : आम्ही चौघांनी चुनखडीच्या गुहेतली एक नदी मोजली. पाण्याच्या कडेने आत गेलो आणि वरच्या कोरड्या भुयारातून फिरून पहिल्या स्टेशनवर, म्हणजे मोजणीच्या पहिल्या खुणेवर, परत आलो. एकूण फेरा ४०० मीटरचा. कागदावर मात्र तो ११ मीटरनी जुळत नाही. मित्र म्हणतो, सॉफ्टवेअर चूक सगळीकडे वाटून देतं, देऊ दे. देऊ का?

उत्तर : नका देऊ. वाटायची असते ती बारीकसारीक तफावत. होकायंत्र एका अंशाने चुकलं तर १०० मीटरवर टोक पावणेदोन मीटर सरकतं, पण अशा चुका कधी डावीकडे तर कधी उजवीकडे होतात आणि बऱ्याचशा एकमेकींना खोडतात. ११ मीटर म्हणजे घोडचूक, आणि ती बहुधा वहीतल्या एखाद्याच ओळीत लपलेली आहे. वाटून दिलीत तर धड मोजलेले लेग, म्हणजे दोन स्टेशनांमधले तुकडेही बिघडतील.

आधी ११ मीटरपैकी आडवे किती आणि उभे किती, ते वेगळं काढा. सगळी तफावत आडवी असेल तर शेवटच्या बिंदूपासून पहिल्यापर्यंत रेघ ओढा आणि तिला समांतर जाणारे लेग शोधा. त्यात साडेपाच मीटरच्या आसपासचा एखादा सापडला, तर त्याची दिशा १८० अंशांनी उलटी लिहिली गेली असण्याची दाट शक्यता आहे. उलटा लेग दुप्पट चूक देतो. १४.२ च्या जागी ४.२ लिहिलं गेलं असेल, तरी तफावत त्याच लेगच्या रेषेत पडते.

तफावत उभी असेल तर नदीलाच विचारा. पाण्यालगतच्या स्टेशनांच्या उंची प्रवाहाच्या दिशेने ओळीने मांडा. मध्येच पाणी वर चढताना दिसलं, तर तिथे क्लायनोमीटरचं, म्हणजे चढ-उताराचा कोन मोजणाऱ्या यंत्राचं, अधिक-उणे चुकलंय. कोरड्या भुयारात पाणी नाही, पण भिंतीवर त्याने कोरलेल्या वाट्या असतात. वाटीची उभट बाजू जिकडून पाणी यायचं तिकडे, उतरती बाजू जिकडे जायचं तिकडे. वाट्या लहान, तर पाणी वेगाचं.

माझी स्वतःची सर्वांत लाजिरवाणी चूक कानाची होती. धबधब्याशेजारी सोबतीण ओरडली ‘एकशे सदतीस’, मी लिहिलं १२७. आपल्या भाषेत सत्तावीस, सदतीस आणि सत्तेचाळीस पाण्याच्या आवाजात एकच होतात! तेव्हापासून आम्ही आकडे सुटे सांगतो, ‘एक-तीन-सात’, आणि लिहिणारी ते मोठ्याने परत म्हणते. शिवाय प्रत्येक लेग उलट बाजूनेही वाचतो. जाताना होकायंत्रावर ४० अंश आले तर उलट बाजूने २२० यायला हवेत. दोन अंशांहून जास्त फरक पडला की दोघीही एकमेकींच्या हेडलॅम्पकडे संशयाने बघतो. लॅम्पमधलं चुंबक, स्टीलचा कॅराबिनर (दोर अडकवायची कडी), चष्म्याची दांडी, यातलं काहीही काटा फिरवतं.

संशयित लेग सापडला की तेवढाच पुन्हा मोजा, पण कोरड्या ऋतूत. छताला अडकलेली पानं किंवा वाळलेला फेस दिसला, तर पूर तिथवर येतो एवढं ओळखून आकाश निरभ्र असतानाच आत जा.

प्रश्न : मोजत बसण्याऐवजी आधी पुढे जाऊन पाहिलं तर?

उत्तर : मोह मलाही होतो. पण पुढची भिंत कुठल्या गुहेला टेकते, हे नकाशाशिवाय कळत नाही. अमेरिकेतल्या केंटकीत फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहा शेजारी आहेत हे कागदावर दिसत होतं, नेमका दुवा मिळत नव्हता. ९ सप्टेंबर १९७२ रोजी सहा जण एका भुयारी नदीत उतरले. छत पाण्याला टेकत आलेलं. पुढे सरकलेल्या जॉन विल्कॉक्सला अंधारात पर्यटकांच्या वाटेचा कठडा दिसला, मॅमथचा.