रंग ओळखताना आधी डोळे बघा
ॲक्सोलॉटल म्हणजे पाण्यात राहणारा, सॅलॅमँडर गटातला उभयचर प्राणी. त्याचं अंग पांढरं दिसलं की लगेच ‘अल्बिनो’ म्हणू नका. सुरुवातीला माझीही हीच गफलत व्हायची. पांढऱ्या-गुलाबी ॲक्सोलॉटलचे डोळे काळे असतील तर तो ल्युसिस्टिक. अल्बिनोचे डोळे गुलाबी-लालसर असतात, कारण त्याच्यात काळं रंगद्रव्यच नसतं. गोल्डन अल्बिनोची पिल्लंसुद्धा आधी पांढरटच दिसतात, पिवळा रंग नंतर चढतो. त्यामुळे घाई नको.

खरा कस लागतो तो काळपट रंगांत. बाहुलीभोवती चकचकीत सोनेरी कडं आणि अंगावर बारीक सोनेरी ठिपके दिसले तर वाइल्ड टाइप, म्हणजे मूळ नैसर्गिक रंगाचा. कडं नाही, चमकही नाही, सगळं एकसारखं गडद, तर मेलॅनॉइड. हे दिवसाउजेडी तपासा. टॉर्च थेट डोळ्यांवर मारू नका हो, त्यांना पापण्या नसतात.